कमरेइतक्या पाण्यात

"मला पोहता येत नाही, मग मी तिथे येऊन काय करू?" मॉरिशसच्या सहलीची चौकशी करायला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी हा प्रश्न विचारतात. पुरुष विचारत नाहीत. त्यांच्यातल्याही कितीतरी जणांना पोहता येत नाही, हे किनाऱ्यावर गेल्यावर कळतं. मराठी मंडळींचे गट घेऊन परदेशात जायचं हे माझं काम. टूर मॅनेजर म्हणतात आम्हाला. विमानतळावर पासपोर्ट मोजण्यापासून रात्री कुणाच्या खोलीतला एसी चालत नाही इथपर्यंत सगळं आमच्याकडे येतं. बरेच देश पाहून झाले, पण मॉरिशसला सगळ्यात जास्त वेळा गेले आणि त्या प्रश्नाला माझं उत्तर आता ठरून गेलंय : पोहता येत नसेल तर याच.

हे मी सहल खपवायला म्हणत नाही. त्या बेटाची ठेवणच तशी आहे. ज्वालामुखीतून वर आलेलं हे बेट, आणि त्याच्याभोवती जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कुंपण. दीडशे किलोमीटरच्या आसपास लांबीचं. हिंदी महासागराच्या लाटा या कुंपणावर येऊन फुटतात. किनाऱ्यावर उभं राहिलं की दूर पाण्यात एक पांढरी रेघ दिसते, ती या फुटणाऱ्या लाटांची. रेघेच्या अलीकडचं पाणी उथळ, निवांत, तळ दिसेल इतकं नितळ. याला लगून म्हणतात. दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर असतो. मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. आपल्याकडे खडकावर बसून गप्पा मारताना पाणी कधी मागून वळसा घालून आलं ते कळत नाही. मॉरिशसच्या लगूनमध्ये तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलात, तर तासाभरानेही पाणी साधारण कमरेलाच असतं.

आमच्या लोकांच्या मनात जो समुद्र असतो तो कोकणातला. तिथे प्रवाळाचा बांध नाही, लाट थेट पायापर्यंत येते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. दर वर्षी सहलीला गेलेली कॉलेजची मुलं बुडाल्याच्या बातम्या वाचलेल्या असतात. लहानपणी "पाण्यात जाऊ नकोस" हे हजार वेळा ऐकलेलं असतं. ही भीती खोटी नाही. ती काढून टाकायला मी कुणाला सांगत नाही. फक्त समुद्र सगळीकडे सारखा नसतो, एवढं दाखवते.

त्यासाठी मला जमेल तेव्हा मी गटाला आधी दक्षिणेला, ग्री-ग्रीला नेते. तिथे प्रवाळाच्या कुंपणाला खंड पडलाय. महासागर काळ्या कड्यावर सरळ येऊन आदळतो, पाण्याचे तुषार वरपर्यंत उडतात, आणि शेजारच्या माणसाशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो. तिथे पोहणं धोक्याचंच. सगळे थोडा वेळ गप्प उभे राहतात. मग मी सांगते, "आपण काल संध्याकाळी पाय बुडवले ते हेच पाणी. मध्ये फक्त कुंपण होतं." दोन्ही जागा लागोपाठ पाहिल्या की पुढचं फार समजवावं लागत नाही.

पण सहलींचे कार्यक्रम असे आखले जात नाहीत. एका दिवसाच्या चौकटीत सकाळी पॅरासेलिंग, मग अंडरसी वॉक, मग ट्यूब राइड, मग बेटावर जेवण, परतताना धबधबा. प्रत्येकाचं वेगळं कूपन. मी ज्या एका कंपनीबरोबर सुरुवातीची वर्षं काम केलं, तिथे दिवसाला किती "ॲक्टिव्हिटी" यावरून सहल चांगली की वाईट ठरायची. पाहुणे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जात. ज्यांनी आयुष्यात नदीतसुद्धा पाय टाकला नव्हता, त्यांना बसमधून उतरल्यावर वीस मिनिटांत समुद्राच्या तळाशी पाठवलं जाई. निम्म्या बायका शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून परत येत. पैसे परत मिळत नसत, आणि "मला जमलंच नाही" ही खंत त्या सहलभर सोबत घेऊन फिरत. ती खंत मला फार लागायची. जमलं नाही कारण कुणी वेळच दिला नाही.

आता मी जिथे काम करते तिथे पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलसमोरच्या पाण्यात तास-दोन तास मागून घेते. शिकवणी वगैरे नाही. मी पोहण्याची प्रशिक्षक नाही. हॉटेलचा जीवरक्षक हजर असेल तेवढ्याच वेळात, त्याने दाखवलेल्या हद्दीत, आम्ही पाण्यात उभे राहतो. पायात रबरी बूट हवेतच, कारण वाळूत आणि खडकांच्या खोबणीत समुद्री साळू असतात, त्यांचे काटे पायात मोडून राहतात. शिवाय दगडासारखा दिसणारा विषारी मासा, स्टोनफिश, तोही या पाण्यात आहे. त्याचा काटा लागला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि ताबडतोब दवाखाना गाठायचा, हे मी आधीच सांगून ठेवते. मग गोल करून हात धरायचे. गुडघ्यापर्यंत. थांबायचं. कमरेपर्यंत. थांबायचं. मग हात न सोडता खाली बसायचं, पाणी गळ्याशी येईल इतकं. इथे पहिल्यांदा कुणीतरी किंचाळतं आणि लगेच सगळ्या हसायला लागतात. त्यानंतर मास्क लावून चेहरा पाण्यात. दहा अंक मोजायचे. मग नळी तोंडात धरून उभ्या उभ्याच श्वास. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडायला वेळ लागतो. कुणाला पाच मिनिटं, कुणाला अर्धा तास. घाई केली की सगळं फिसकटतं.

कपड्यांचं बोलणं मी पुण्यातल्या बैठकीतच करते, आणि स्पष्ट करते. पाण्यात ओढणी नको. पॅरासेलिंगच्या पट्ट्यांत ती अडकू शकते. साडी नको, सैल पंजाबी ड्रेस भिजला की अंगावर ओझं होतं. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट उत्तम. अंगभर असतो म्हणून बायका निर्धास्त राहतात आणि उन्हापासूनही बचाव होतो. पाण्यावर पालथं तरंगत मासे बघताना पाठ भाजून निघते, गार पाण्यामुळे ते कळत नाही आणि रात्री झोपता येत नाही. हे सांगताना मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या काही जणी माना खाली घालतात. "बाकीचे काय म्हणतील" हा त्यांचा प्रश्न पाण्याच्या भीतीहून मोठा असतो. अंगभर कपड्यांत पाण्यात उतरलेल्या आमच्याच आधीच्या पाहुण्यांचे फोटो त्यांच्या परवानगीने मी दाखवते. त्याचा उपयोग होतो.

अंडरसी वॉकचं तंत्र साधं आहे, पण ते समजावून सांगितलं तर माणूस निम्मा निर्धास्त होतो. लगूनमध्ये एक तराफा नांगरलेला असतो. त्याच्या शिडीने गळ्याइतक्या पाण्यात उतरायचं, मग डोक्यावरून खांद्यावर एक मोठं हेल्मेट ठेवतात. पाण्याबाहेर ते चांगलंच जड असतं, पाण्यात हलकं लागतं. त्याला खालून तळ नाही, ते उघडंच असतं. वरून नळीने हवा सारखी येत राहते, त्या हवेच्या दाबाने पाणी गळ्याच्या वर चढत नाही. म्हणून चष्मा घालूनही जाता येतं आणि केसही कोरडे राहतात. मान मात्र फार वाकवायची नाही. तीन-चार मीटर खोलीवर तळाशी चालायचं असतं. उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा खालून हात आत घालून नाक चिमटीत धरायचं आणि हळूच फुंकायचं. सर्दी असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, हृदयाचा त्रास असेल, तर जायचं नाही. लोक हे लपवतात. पैसे भरलेले असतात आणि शेजारची जाणार असते. म्हणून हा प्रश्न मी बसमध्ये माइकवर विचारत नाही, एकेकाला बाजूला घेऊन विचारते.

कोल्हापूरच्या एका काकूंची गोष्ट सांगते. साठी ओलांडलेली, यजमान गेल्यावर पहिल्यांदा एकट्या बाहेर पडलेल्या. पहिल्या संध्याकाळी त्या वाळूतच बसून राहिल्या, पर्स मांडीवर घेऊन. दुसऱ्या संध्याकाळी कमरेपर्यंत आल्या आणि माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. तिसऱ्या दिवशी तराफ्यावर म्हणाल्या, "ताई, मी जाते. पण तू माझ्या पुढे ऱ्हा." आम्ही उतरलो. खाली निळसर उजेड, पायाखाली मऊ वाळू, पट्टेरी मासे हेल्मेटच्या काचेपर्यंत येत होते. काकू थबकल्या. मग त्यांनी मला अंगठा वर करून दाखवला. आमच्याबरोबरच्या पाणबुड्याने लगेच त्यांना दंडाला धरून शिडीकडे न्यायला सुरुवात केली, कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. मी घाईघाईने गोल करून दाखवला, काकूंनीही केला, आणि तो पाणबुड्या हसून त्यांना परत घेऊन आला. वर आल्यावर त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमचे हे असते तर त्यांना सांगितलं असतं." आता खुणांचा सराव मी आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावरच घेते.

या अंडरसी वॉकमधली एक गोष्ट मी थांबवायचा प्रयत्न करते. खाली उतरल्यावर पाव कुस्करून माशांपुढे धरतात, म्हणजे मासे गर्दी करतात आणि फोटो छान येतात. पाव हे माशांचं खाणं नव्हे. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते प्रवाळ साफ ठेवतात. आयता पाव मिळाला की ते काम सुटतं. माझ्या गटाला पाव नको, असं मी आधी सांगून ठेवते. काही चालक ऐकतात, काही नाही. पश्चिमेला तामारँच्या खाडीत पहाटे डॉल्फिन दाखवायला नेतात, त्याबद्दलही माझं मत वेगळं आहे. तिथले लांब चोचीचे डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ पाण्यात विश्रांतीला येतात. त्या वेळी चहूबाजूंनी बोटी धावतात आणि माणसं त्यांच्यापुढे उड्या टाकतात. मी नेते तेव्हा इंजिन मंद ठेवणारा नावाडी शोधते, लांबून बघते आणि पाण्यात कुणाला उतरू देत नाही. काही पाहुणे रुसतात. रुसू देत.

वाऱ्याचं वेगळंच प्रकरण. जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे पावसाळा, तेव्हा तिथे हिवाळा असतो आणि आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. त्या दिवसांत पूर्व किनारा सारखा वाऱ्याच्या तोंडावर. नेमकं पाहुण्यांचं आवडतं इल ओ सेर्फ बेट पूर्वेला. पॅरासेलिंग तराफ्यावरून होतं, चार पावलं धावलं की माणूस उचलला जातो आणि उतरतोही तराफ्यावरच. पण वारा वाढला की ते बंद. लोक चिडतात, "आम्ही पैसे भरलेत." मी वाद घालत नाही, वाऱ्याकडे बोट दाखवते. पश्चिमेचा फ्लिक-ऑन-फ्लाकचा किनारा मात्र डोंगरांच्या आडोशाला असतो, तिथे त्याच दिवशी पाणी शांत असू शकतं. म्हणून पूर्व आणि पश्चिमेचे दिवस अदलाबदल करता यावेत एवढी मोकळीक मी ऑफिसकडे मागते. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. तिथे धोक्याचे इशारे एक ते चार अशा श्रेणींनी देतात. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांत गाड्या वाहून गेल्या. या मोसमात सहल काढायची तर एक-दोन दिवस हॉटेलमध्ये बसायची तयारी ठेवायला हवी, आणि हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं.

जो वारा आमचं पॅरासेलिंग बंद पाडतो, त्याच वाऱ्यासाठी जगभरातून तरुण मुलं ल मॉर्नला येतात. नैर्ऋत्य टोकाला ५५६ मीटर उंचीचा तो एकटा खडा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याच्या लगूनमध्ये पतंगाच्या जोरावर फळीवरून धावणारे काइटसर्फर. आमचे पाहुणे वाळूत बसून बघत राहतात. मी तिथे डोंगराची गोष्ट सांगते. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्याकपारींत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर येऊ लागले, ते पकडायलाच आले असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तिथली लोकांची सांगी आहे. २००८ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. मौजेच्या दिवशी हे कशाला, असं एकदा एका पाहुण्याने विचारलं होतं. मला वाटतं, ज्या जमिनीवर आपण मजा करायला आलो तिथे काय घडलं हे कानावर पडायलाच हवं. संध्याकाळी हॉटेलात सेगा नाच होतो, तोही त्याच गुलामांनी जपलेला. रावान नावाचं शेळीच्या कातड्याचं मोठं चपटं वाद्य वाजवण्याआधी ते विस्तवावर शेकतात. आपल्याकडे हलगी शेकतात तसंच. आमच्या गटातल्या एका सातारच्या मामांनी ते पाहिलं आणि उठून थेट त्या वादकाच्या शेजारी जाऊन बसले. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. कातडं ताणलं की नाही हे दोघं बोटाने टिचकी मारून ठरवत होते.

मराठी माणसं तिथे दीडशेहून जास्त वर्षांपासून आहेत. उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून कोकणातून गेलेल्यांची ही पिढीवार वस्ती. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आमच्या गाडीचा नेहमीचा चालक अशाच घरातला. घरात क्रेओल बोलतात, मराठी शाळेत शिकलेली, पण आरती पाठ. विश्रांती कशी घ्यायची हे मी त्याच्या कुटुंबाकडून शिकले. एका रविवारी त्याने मला फ्लिक-ऑन-फ्लाकला बोलावलं. सुरूच्या झाडांखाली चटया, बिर्याणीचं पातेलं, डाळपुऱ्यांची चळत, आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे. खेळ म्हणावा असं काहीच नाही. सगळी मोठी माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून दोन-दोन तास गप्पा मारत होती. कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या नोकरीचं. मुलं मध्येच बुड्या मारत होती. आजीबाई पाण्यात बसून होत्या आणि नातू त्यांच्याभोवती गोल फिरत होता. पाहुण्यांना मी हेच मोकळेपण देऊ पाहत होते, आणि तिथे ते दर रविवारी फुकट चाललं होतं. त्यानंतर ऑफिसशी भांडायला मला जास्त बळ आलं.

हे पाणी कायमचं असंच राहील, असं मानायला जागा नाही. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये पसरलं. जवळच ब्लू बे, जिथे काचेच्या तळाच्या बोटीतून आम्ही प्रवाळ दाखवतो. तेव्हा कोविडमुळे देशाच्या सीमा बंद, आम्ही सगळे घरी. चालक फोनवर सांगत होता. गावोगावचे लोक उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब वळकट्या शिवत होते आणि तेल अडवायला पाण्यात टाकत होते. तोही गेला होता, मुलाला घेऊन. सीमा पूर्ण उघडल्या त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये. नंतर गेले तेव्हा ब्लू बेच्या बोटीत बसताना काचेतून काय दिसेल याची धाकधूक होती. प्रवाळ होतं. काही ठिकाणी पांढरं पडलेलंही होतं, ते पाणी तापल्यामुळे. दोन्ही गोष्टी मी पाहुण्यांना दाखवते.

पुढच्या गटाची कार्यक्रमपत्रिका परवाच छापायला गेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याचे दिवस "हवामानानुसार" असे लिहून घेतलेत. ज्यांना स्कूबा करायचं आहे त्यांची बुडी शेवटच्या दिवसाआधी ठेवली आहे, कारण बुडी मारल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नये असं पाणबुडे सांगतात आणि मी पूर्ण दिवस धरते. विम्याच्या कागदात पाण्यातले खेळ धरलेत की वगळलेत ते प्रत्येकाने स्वतः वाचावं, अशी ओळ घातली आहे. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते पाच मी काहीच ठेवलं नव्हतं. ऑफिसचं म्हणणं, रिकामी जागा बघून लोक विचारतील की याचे पैसे कशाचे. बरीच घासाघीस झाली. शेवटी तिथे "हॉटेलच्या किनाऱ्यावर पाण्याची ओळख, ऐच्छिक" असं छापलंय, आणि त्याखाली ठळक अक्षरांत : रबरी बूट घरूनच आणावेत, तिथे लहान मापाचे मिळत नाहीत.